ट्वायलाइट मला आवडतं, तिला सहन होत नाही, आणि सप्टेंबरमध्ये आम्हाला एकत्र फोर्क्सला जायचंय

पावसाळी

नमस्कार मंडळी. विषय पुस्तकांवरून निघालाय, पण प्रश्न मैत्रीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी रत्नागिरीची, ती नाशिकची. पुण्यात हॉस्टेलला एका खोलीत होतो आणि 'ट्वायलाइट' या इंग्रजी कादंबरीमालिकेचे चारही भाग आम्ही तिथेच वाचले. पुस्तक एक आणि वाचणाऱ्या दोघी, त्यामुळे जी आधी झोपेल तिच्या उशाशी असलेलं पुस्तक दुसरी उचलायची. गोष्टीतल्या बेलावर दोघांचं प्रेम, पिशाच्च असलेल्या एडवर्डचं आणि लांडगा होणाऱ्या जेकबचं. मी एडवर्डच्या बाजूची, ती जेकबच्या. मेसच्या रांगेत उभं राहून आम्ही यावर इतकं भांडायचो की मागच्या मुली ताट वाजवायला लागायच्या. तेव्हाच ठरवलं होतं की कधीतरी अमेरिकेत जाऊन, ही गोष्ट जिथे घडते ते फोर्क्स गाव बघायचं. आता मी सिएटलजवळ बॉथेलला राहते, तिचा भाऊ पोर्टलंडला आहे, आणि येत्या सप्टेंबरमध्ये ती येतेय. म्हणजे सगळं जुळून आलंय.

मधल्या काळात ती समुपदेशक झाली. नाशिकला ज्युनिअर कॉलेजच्या मुलामुलींबरोबर काम करते, आणि मन लावून करते. आणि आता तिला ही पुस्तकं अजिबात सहन होत नाहीत.

झालं असं, की माझ्या पुण्याच्या चौदा वर्षांच्या भाचीला मी अख्खा संच पाठवला होता. ती 'न्यू मून'च्या, म्हणजे दुसऱ्या भागाच्या, मध्यावर होती. माझी मैत्रीण कामानिमित्त पुण्यात आली की माझ्या बहिणीकडेच जेवते, घरचीच आहे ती. जेवताना भाचीच्या हातात पुस्तक दिसलं आणि तिनं सगळं सांगून टाकलं. एडवर्ड बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो, हे भाचीनं वाचलं होतंच. पुढे 'एक्लिप्स'मध्ये, म्हणजे तिसऱ्या भागात, बेलानं जेकबकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या ट्रकच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो, हेही हिनं सांगितलं. हा मुलगा हिरो नाही, धोक्याची खूण आहे, असं म्हणाली. रात्री भाचीचा मला फोन. "मावशी, तुला हे आवडतं म्हणजे काकांनी तुझ्या गाडीचं असं केलं तर तुला चालेल?"

मी मैत्रिणीला फोन केला. बोलणं वाढलं. शेवटी ती म्हणाली, "तू त्या वयात वाचलंस ना, म्हणून तुला अजून दिसत नाही."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. तिला पुस्तकं आवडत नाहीत, ठीक. ती त्यावर दोन तास बोलली तरी मी ऐकेन. पण तिला माझी कीव येते, हे मला झेपत नाही. मी काय वाचते ते मला कळतं.

मला ही मालिका का प्रिय आहे तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल एडवर्डच्या चकाकत्या कातडीसाठी. पहिल्या भागात सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. फोर्क्समध्ये रात्री सगळं गोठलंय, बेला सकाळी घसरत घसरत ट्रकपर्यंत पोचते, पण गाडी चालवताना मात्र काहीच त्रास होत नाही. शाळेत पोचल्यावर तिला दिसतं की टायरांना साखळ्या बांधल्यात. बाप, चार्ली, न बोलता भल्या पहाटे उठून बांधून गेलाय. तिचा गळा दाटून येतो. माझे बाबा असेच होते. मी सुट्टी संपवून पुण्याला निघाले की बॅगेची चेन नीट लागते का, चपलेचा अंगठा सुटलाय का, हे रात्री कधीतरी बघून ठेवायचे. 'जपून जा' हेसुद्धा तोंडातून निघायचं नाही. शेवटच्या वर्षाला बाबा गेले. त्यानंतर मी 'न्यू मून' पुन्हा वाचलं. त्यात एडवर्ड सोडून गेल्यावर काही पानं कोरी आहेत, फक्त महिन्याचं नाव: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी काही नाही. दुःखावर मी त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ वाचलं, पण माझे ते महिने मला फक्त त्या कोऱ्या पानांत सापडले.

आणि पाऊस. फोर्क्सला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्या रत्नागिरीच्या आसपासच. फक्त आमचा चार महिन्यांत कोसळतो, तिथला शरद ऋतूपासून वसंतापर्यंत रेंगाळतो. लेखिका स्टेफनी मायर ॲरिझोनाच्या कोरड्या मुलखात राहणारी. सूर्य न दिसणारं गाव हवं म्हणून तिनं अमेरिकेतली सगळ्यात जास्त पावसाची जागा इंटरनेटवर शोधली आणि फोर्क्स सापडलं. गाव न बघता लिहिलेला तो पाऊस पुण्याच्या कोरड्या खोलीत मला घरी घेऊन जायचा.

तर सांगा. मतं जुळणार नाहीत, हे मी धरून चाललेय. पण हिच्याबरोबर तीन दिवस एका गाडीत, तेही फोर्क्सच्या रस्त्यावर, कसे काढायचे? की बेतच रद्द करू? असं कुणाचं झालंय का?

जुने_जाणते_सांगली

बेत रद्द करू नका. आधी हे सांगून ठेवतो.

मी तुमची ही पुस्तकं वाचलेली नाहीत. पण माझा एक मित्र आहे, आम्ही एकाच वाचनालयाचे सभासद. मला प्रेमकथा आवडतात, त्याला त्या खोट्या वाटतात. आजही मी कादंबरी परत करायला गेलो की तो काउंटरपाशी उभा राहून शेवट कसा पटण्यासारखा नाही ते मला ऐकवतो. आमचं कधी बिनसलं नाही, कारण तो कादंबरीला नावं ठेवतो, मला ठेवत नाही. तुमच्या मैत्रिणीनं ती रेघ ओलांडली. आणि तेवढंच तुम्ही तिला सांगायचं आहे. एडवर्डचा बचाव करत बसू नका. एडवर्ड चांगला की वाईट हे मिटलं, तरी "तुला दिसत नाही" हे वाक्य तिथेच राहणार.

दुसरं म्हणजे भाचीचं. पुस्तक तुम्ही दिलंत, पोर अर्ध्यात होती, आणि पुढची गोष्ट दुसऱ्याच कुणी सांगून टाकली. वाचणाऱ्याचा तो हक्क असतो हो, पुढचं आपलं आपण कळण्याचा. माझ्या मते हा मैत्रिणीचा जास्त मोठा अपराध.

वर्ग_नववी_ब

मी शिक्षिका आहे, कोल्हापूर. मी मैत्रिणीच्या बाजूनं बोलणार आहे, राग मानू नका.

तिच्यासमोर रोज कोण येऊन बसत असेल याचा विचार करा. माझ्याकडे मुली येतात. त्यांच्या फोनचा पासवर्ड त्याच्याकडे असतो. क्लासला पोचल्यावर लोकेशन पाठवायचं, मैत्रिणींचा ग्रुप सोडायचा. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, त्याला माझी काळजी आहे." हे वाक्य आठवड्यातून इतक्यांदा ऐकल्यावर इंजिन काढून ठेवणारा नायक बघताना तिच्या पोटात कालवणारच. ते तिनं पुस्तकात नव्यानं शोधून काढलेलं नाही. टेबलापलीकडे बसलेल्या मुलीच्या तोंडून ऐकून ती ते पुस्तकात बघतेय.

मी चारही भाग वाचलेत, तेही तिशी उलटल्यावर. ताई, तुम्ही चार्लीबद्दल लिहिलंत ते वाचून मलाही भरून आलं. पण त्याच चार्लीचा 'एक्लिप्स'मधला प्रसंग आठवा. जेकब बेलाला तिच्या मनाविरुद्ध चुंबन देतो, ती त्याला ठोसा मारते, त्यात तिचाच हात मोडतो. घरी आल्यावर बाप कुणाला शाबासकी देतो? जेकबला! तुमच्या भाचीनं तो प्रसंग एकटीनं वाचला आणि शेजारी बोलायला कुणी नसलं, तर ती काय घेऊन उठेल?

चौथा भाग, 'ब्रेकिंग डॉन', तर मी चौदाव्या वर्षी देणारच नाही. मधुचंद्राच्या दुसऱ्या सकाळी बेलाच्या अंगावरचे काळेनिळे डाग, आणि ती एडवर्डलाच समजावते की मला काही झालेलं नाही. पुढे जेकबचं नातं बेला आणि एडवर्डच्या नवजात मुलीशी जन्माचं बांधून टाकलंय, ते मला अजून पचलेलं नाही.

पुस्तक काढून घ्या असं मी म्हणत नाही. मोठ्या माणसानं बरोबर वाचावं एवढंच. मैत्रिणीनं जेवणाच्या ताटावर सगळं ओतलं ते चुकलं. पण तिला जे सांगायचं होतं ते खरं आहे.

पावसाळी

जुने जाणते, 'वाचणाऱ्याचा हक्क' हे नेमकं बोललात. मला ते शब्दांत सापडत नव्हतं.

वर्ग नववी ब, राग अजिबात नाही, उलट तुम्ही चारही भाग वाचून बोलताय याचं बरं वाटलं. चार्लीचा तो प्रसंग मलाही पहिल्यापासून खुपतो. साखळ्या बांधणारा बाप आणि जेकबची पाठ थोपटणारा बाप एकच आहे, आणि म्हणूनच तो मला खरा वाटतो. आपल्या घरांतले किती बाप असेच आहेत! मुलीसाठी जीव टाकतील आणि तिच्या 'नाही'वर हसतील. हे भाचीला पुस्तकातून दिसलं तर मला हवंच आहे.

इंजिनाचं मात्र पूर्ण सांगायला हवं. 'एक्लिप्स'मध्येच पुढे एडवर्ड माघार घेतो. आपली भीती हे बेलाला अडवायचं कारण होऊ शकत नाही हे त्याला कळतं, आणि मग तो स्वतः तिला क्विल्यूटांच्या, म्हणजे जेकबच्या आदिवासी जमातीच्या, हद्दीपर्यंत गाडीनं सोडायला जातो. त्यानं केलं ते यानं पुसलं जात नाही, मान्य. पण माझी मैत्रीण गोष्ट इंजिनापाशी थांबवते, आणि भाचीला तेवढीच कळली.

लेखिकेलाही हे आक्षेप ऐकू येत होतेच. बेला सतत कुणीतरी वाचवायची बाई आहे, या टीकेला उत्तर म्हणून तिनं २०१५ मध्ये, पहिल्या पुस्तकाला दहा वर्षं झाली तेव्हा, तीच गोष्ट मुलगा आणि मुलगी उलट करून लिहिली. मी भाचीला ती पाठवणार आहे. मुलगी पिशाच्च आणि मुलगा साधा माणूस झाला की कोणते प्रसंग वेगळे वाटतात, ते तिचं तिनं बघू दे.

तुमचं ते 'टेबलापलीकडची मुलगी' मात्र मनात राहिलंय. मी तिला कधी विचारलंच नव्हतं की तुझ्याकडे येतं कोण.

चकली_भाजणी

वाचतेय. माझी नणंद आणि मी दोन वेगळ्या गटांत होतो, लग्नातही ते भांडण झालं होतं. फोर्क्सला जाच!!

पॅसिफिककाठ

मी टकोमाला असतो, बायकोच्या हट्टानं दोनदा फोर्क्स केलंय. तुमच्या दोघींच्या वादात एक तिसरा पक्ष राहून गेलाय आणि तो त्याच रस्त्यावर राहतो. माझं म्हणणं आहे की त्यांच्याकडे आधी जा.

फोर्क्स हे लाकूडतोड्यांचं गाव, साडेतीन हजारांच्या आतबाहेर वस्ती. जंगलतोडीवर बंधनं आली तसा धंदा बसला, आणि मग या पुस्तकांनी पर्यटक आणले. बेलाचा म्हणून लाल शेव्हर्ले ट्रक माहिती केंद्रापाशी उभा असतो. मजा येते. पहिला सिनेमा मात्र तिथे झालेला नाही, तो बराचसा ओरेगनमध्ये, पोर्टलंडच्या आसपास चित्रित झाला. मैत्रिणीचा भाऊ तिथे आहे म्हणता, तर सिनेमातल्या जागा तिला तिकडेच सापडतील.

फोर्क्सपासून अर्ध्या तासाच्या आत ला पुश येतं. तिथे क्विल्यूट खरोखर राहतात. साधारण एक चौरस मैलाचं गाव, समोर समुद्र, समुद्रात उभे सुळके, किनाऱ्यावर वाहून आलेले अख्खे ओंडके, काही माझ्या उंचीपेक्षा जाड. आपण लांडग्यांपासून घडलो अशी क्विल्यूटांची मूळ कथा आहे, ती त्यांची स्वतःची. पिशाच्चांशी वैर, करार, चिडल्यावर लांडगा होणारी पोरं, हे सगळं लेखिकेनं घातलेलं. नाव त्यांचं वापरलं, गोष्ट जगभर विकली गेली, आणि जमातीच्या वाट्याला त्यातलं फारसं काही आलं नाही. सिएटलच्या बर्क संग्रहालयानं जमातीबरोबर मिळून यावर एक संकेतस्थळ केलंय, पुस्तकातलं काय खरं आणि काय नाही ते सांगणारं. भाचीला ते जरूर द्या.

आणि त्यांचा खरा प्रश्न वेगळाच आहे. गाव समुद्रसपाटीला, त्सुनामीच्या वाटेत. शाळा तर लाटेच्या अगदी तोंडाशी. पुष्कळ वर्षं मागणी केल्यावर २०१२ मध्ये ओबामांनी सही केलेल्या कायद्यानं ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातली सुमारे ७८५ एकर जमीन त्यांना मिळाली, उंचावर सरकायला. नवी शाळा २०२२ मध्ये वर उघडली. मी जुन्या शाळेच्या बाजूनं किनाऱ्यावर उतरलो होतो. वर्गातून समुद्र किती जवळ दिसत असेल याचा अंदाज आला आणि पुस्तकावरचं बोलणं आमचं आपोआप थांबलं.

ला पुशमध्ये राहायचं तर जमातीचंच रिसॉर्ट आहे, पैसे त्यांच्याकडे जातात. लोकांच्या घरांचे, दफनभूमीचे फोटो काढू नका. ते गाव आहे, सेट नाही.

रस्ता: बॉथेलहून एडमंड्स, तिथून किंग्स्टनची फेरी अर्ध्या तासाची, पुढे हूड कॅनॉलचा पूल, मग १०१ नंबरचा महामार्ग धरून पोर्ट एंजलिस. तिथे ते इटालियन हॉटेल आहे, एडवर्ड बेलाला जेवायला नेतो ते. मग लेक क्रेसेंटच्या काठानं वळणं वळणं घेत फोर्क्स.

वर्ग_नववी_ब

पॅसिफिककाठ, शाळेचं वाचून अंगावर काटा आला. मी हे वर्गात सांगणार आहे.

पावसाळी, तुमचं चार्लीवरचं उत्तर मला पटलं. 'ब्रेकिंग डॉन'वर मी ठाम आहे.

पावसाळी

रविवारी बोललो आम्ही. इथे इतक्या आपुलकीनं लिहिलंत म्हणून काय झालं ते सांगणं माझं कामच आहे.

मी एडवर्डचं नावसुद्धा काढलं नाही. म्हटलं, "तू मला 'दिसत नाही' म्हणालीस ते मला लागलंय. ते परत घे, बाकी काही परत घेऊ नकोस." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "घेतलं. तुझ्याबद्दल नव्हतंच ते." मग मी विचारलं की तुझ्याकडे कोण येतं. नावगाव न सांगता तिनं एका मुलीचं सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही. पण ती मुलगी बोलताना सारखं 'एडवर्डसारखा आहे' म्हणायची, एवढं सांगते. त्या दिवसापासून हिला पुस्तकाचं कव्हर बघितलं तरी त्रास होतो. मला हे माहीत असतं तर मी इतकी चिडले नसते. आणि तिनं आधी सांगितलं असतं तर भाचीचं प्रकरण इतकं लांबलंही नसतं.

मग मी कोऱ्या पानांचा विषय काढला. म्हटलं, आठवतंय का. तर म्हणाली, "तू ती चार पानं उघडी ठेवून झोपायचीस. दिवा मी बंद करायचे. 'न्यू मून'ला मी आजपर्यंत कुणापुढे एक शब्द वाईट बोललेले नाही." आणि खरंच, त्या जेवणाच्या दिवशीही ती पहिल्या आणि तिसऱ्या भागावरच बोलली होती, दुसऱ्यावर नाही. भाचीला विचारून मी खात्री केली.

भाचीला तिनं स्वतः फोन केला. पुढचं सांगून टाकल्याबद्दल माफी मागितली आणि म्हणाली, पुरी वाच, मग माझ्याशी भांड. भाची आता 'एक्लिप्स'वर आहे आणि आम्हा दोघींना वेगवेगळे मेसेज पाठवून भांडतेय. एडवर्ड हद्दीपर्यंत सोडायला जातो तिथे पोचली तेव्हा मला लिहिलं, "ओके, हे बरं केलं." अर्ध्या तासानं मैत्रिणीला, "पण आधी विचारायला काय झालं होतं?" चौथा भाग तूर्त माझ्या बहिणीच्या कपाटात, तो ती दहावीनंतर वाचणार. वर्ग नववी ब, हे तुमच्यामुळे. मैत्रीण म्हणते तुमचा नंबर हवाय!

बेत असा ठरलाय. पहिला मुक्काम ला पुशला, जमातीच्या रिसॉर्टमध्ये. पॅसिफिककाठ, तुम्ही लिहिलेलं मी तिला जसंच्या तसं वाचून दाखवलं, आणि त्यावर आमचं पहिल्यांदा पूर्ण एकमत झालं. दुसऱ्या दिवशी फोर्क्स. सप्टेंबरमध्ये बेलाच्या वाढदिवसाच्या सुमारास तिथे चाहत्यांचा उत्सव असतो, त्याला मी एकटी जाणार. ती तेवढा वेळ होहच्या पर्जन्यवनात फिरेल. तिला यायचं नाहीये आणि मी आग्रह धरणार नाही. संध्याकाळी जेवायला एकत्र. पोर्ट एंजलिसच्या त्या हॉटेलात मात्र ती यायला तयार आहे, जेकबचा तिथे काही संबंध नसला तरी. जेकबची बाजू तिनं अजून सोडलेली नाही, त्या चुंबनाचा तिला संताप असूनही. यावर गाडीत बोलणार आहोत, आणि भांडण होणार हे मला आत्ताच दिसतंय. होऊ दे.

पॅसिफिककाठ, एक विचारायचं राहिलं. शुक्रवारी दुपारी एडमंड्सच्या फेरीला गाड्यांची रांग किती असते? दोनपर्यंत पोचलो तर तीनच्या आसपासची बोट मिळेल का, की सरळ टकोमावरून वळसा घालून यावं?